नाटकाकडं पाठ केलेला मायाप्पा

म्होत्सवाला पंधरा वर्षं झाली म्हणून यंदा कमिटीनं स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, बेचाळीस फोटो. हार घालणारे, हार घालून घेणारे, समई लावणारे, समईकडं बघत उभे राहिलेले. माझा बी एक हाय, पडद्याच्या दोरीसंगं. तोंड वाकडं आलंय त्यात, जाऊ दे. पण मायाप्पाचा फोटो न्हाय. नाव बी न्हाय. मी ती स्मरणिका उपेंद्र वकिलांच्या टेबलावर आपटली आणि म्हटलं, "वकीलसाहेब, ज्याच्या मनगटावर ह्यो म्होत्सव उभा राहिला, त्याला कुठल्या पानात गाडलाय?" ते खाली बघून म्हणाले, "राहून गेलं रे, भरमू." राहून गेलं! बेचाळीस माणसं बरोबर ध्यानात राहिली आणि नेमका एकच राहून गेला व्हय? मग मीच सांगतो. मला धड लिहायला येत न्हाय, पण बोलायला कोण माझं तोंड धरणार हाय?

मी भरमू, बेळगावच्या खासबागेतला. सकाळी माग चालवतो आणि म्होत्सवाच्या दिवसांत थेटरात पडदा ओढतो. त्र्याहत्तर साली उपेंद्र वकिलांच्या डोक्यात ह्ये खूळ शिरलं. जुनी संगीत नाटकं, जी कंपन्यांनी कवाच सोडून दिली, ज्यांची नावं सुदीक म्हाताऱ्यांनाच ठावं, ती परत उभी करायची. नियम एकच: चाळीस वर्षांत जे कुठं झालं न्हाय, तेच करायचं. लोक हसले. मेलेल्या नाटकांची मढी उकरायलाईत म्हणाले. पयल्या वर्षी तीन दिवस, तीन नाटकं, आणि बघायला सत्तर माणसं. त्यातली वीस वकिलांच्या घरचीच.

खासबागेच्या टोकाला एक जुनं पत्र्याचं थेटर होतं, तिथं खेळ. दुपारी तीनला सुरू करायचो. एक एक नाटक पाच पाच तासांचं, आणि माणसं निपाणीकडनं, गुंजीकडनं यायची; त्यांना शेवटची बस नायतर रेल्वे गाठायला लागायची. दुसऱ्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, थेटर गच्च भरलं. आणि गर्दीसंगं हाणामारी आली.

हाणामारी कशापायी? वन्समोअरपायी. संगीत नाटकात पद आवडलं की पब्लिक वन्समोअर म्हणून ओरडतं, मग गाणाऱ्यानं ते परत म्हणायचं, ही जुनी रीत. पण आमचं पब्लिक लई तिखट. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, पाचव्यांदा मागायलेत! मागची माणसं म्हणायची, पुरे रं बाबा, नाटक पुढं जाऊ द्या, आमची बस हाय. पुढची म्हणायची, जा की मग, कोण धरून ठेवलंय? झालं. चौऱ्याहत्तर साली दुसऱ्या अंकात खुर्च्या उडाल्या. एकाचं डोकं फुटलं, एकाचा अंगठा दाताखाली आला, ऑर्गनचा एक पाय मोडला आणि वाजवणारे मार्तंड मास्तर ऑर्गनखाली जाऊन बसले. मी पडदा टाकला तर लोक पडदा फाडून वर आले. नाटकवाल्या बाया मागच्या दारानं पळाल्या.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी नियम केला. एका पदाला एकच वन्समोअर, दुसरा मागणाऱ्याला भाईर काढणार. नियम करणं सोपं हो. पण काढणार कोण? वकिलांच्या अंगात तर मूठभर मांस न्हाय. मी म्हटलं, माझ्या शेजारी एक हाय. त्याचं नाव मायाप्पा.

मायाप्पा निपाणीचा. बाप तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा, आई तानीबाई तिथंच तंबाखू निवडायला. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली, घरातले देव नदीला सोडले आणि पुढच्याच वर्षी छातीत तंबाखूची धूळ साठून खोकत खोकत मेला. मायाप्पा चौथीतनं उठला आणि बापाच्या जागेवर पोती उचलायला गेला. कुस्तीचं वेड होतं, पण गावच्या तालमीत कोण घेईना. मग ह्यो गडी ओढ्याच्या वाळूत एकटाच जोर मारायचा. एकदा तालमीतली चार पोरं हसायला म्हणून तिथं आली. चौघांना त्यानं असं धुतलं की एकाचा जबडा महिनाभर बांधून होता. पोराच्या बापानं दुसऱ्या दिवशी वखारीच्या मालकाला सांगून तानीबाईचं काम बंद केलं. तवापासनं मायाप्पाचं डोकं जे गरम झालं ते काय थंड झालं न्हाय. एकाहत्तर साली बेळगावात आला, मार्केटात हमाली धरली आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राहिला. आई निपाणीतच, दुसऱ्या एका वखारीत.

घरात मात्र त्याचा हात कुणावर उठला न्हाय. आईपुढं तर मांजर. दारू न्हाय, पान न्हाय. पण भाईर कुणी 'अरे' म्हटलं की ह्याचं 'का रे' तोंडातनं यायच्या आधी हातातनं यायचं.

तर त्याला मी थेटरात आणला. वकिलांनी वरनं खालपतूर बघितलं आणि म्हणाले, "मारायचं नाही हं मायाप्पा. समजावून सांगायचं." ह्यो म्हणाला, "व्हय जी." आणि पयल्याच दिवशी एका कंत्राटदाराला समजावून सांगितलं. कंत्राटदारानं तिसऱ्यांदा वन्समोअर मागितला. मायाप्पानं त्याला खुर्चीसकट उचलला, दारापतूर नेला आणि खुर्ची तेवढी परत आणून ठेवली. मार्तंड मास्तरांनी सूर धरला तवा माणसांना उमगलं की नाटक चालू हाय.

त्याची उभं राहायची जागा ठरलेली. दाराच्या आत, खांबापाशी, पब्लिककडं तोंड आणि नाटकाकडं पाठ. कोण कुठं उसळतंय ते दिसायला पायजे न्हवं? त्यामुळं बारा वर्षांत त्यानं एक नाटक बघितलं न्हाय. सगळी ऐकली. राणी गोरी का काळी, राक्षसाला शिंगं किती, त्याला काय ठावं न्हाय. मी विचारायचो, "अरे, मागं वळून बघ की कवातरी." तर म्हणायचा, "बघाय लागलो की माझा हात सैल पडतोय."

पण पदं त्याला सगळी पाठ. पोती उचलताना गुणगुणायचा. कुणी हसलं की त्याच्या कानाखाली.

सत्याहत्तर साली त्याचा डावा कान गेला. एक टोळकं नुसती दंगल करायलाच आलतं. दुसरा वन्समोअर, तिसरा वन्समोअर, मुद्दाम. मायाप्पा त्यांच्यात शिरला. दोघांची डोकी एकमेकावर आपटली, तिसऱ्याला पत्र्यावर फेकला, पत्रा आत गेला तो अजून तसाच हाय. चौथ्यानं मागनं सोडावाटरची बाटली त्याच्या डाव्या कानावर फोडली. काचेचे तुकडे कानात. रक्त धोतरापतूर आलं. तरी ह्यानं त्या चौथ्याचा हात पिरगाळून खांद्यातनं काढला आणि मगच खाली बसला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, ह्या कानाचं आता इसरा. तवापासनं तो खांबापाशी जरा तिरका उभा राहायचा, उजवा कान नाटकाकडं करून. पब्लिकवर डोळा आणि नाटकावर कान, असा.

म्होत्सव वाढतच गेला. ऐंशी साली आठ दिवस झाला. पुण्याची, धारवाडची, गोव्याची माणसं लॉज धरून राहायला लागली. कुठनंकुठनं लोक पेट्या उघडून वाळवी लागलेली बाडं पाठवायचे. पेपरात छापून यायचं की बेळगावचा रसिक लई शिस्तीचा, एकाच वन्समोअरवर थांबतो. मी मायाप्पाला वाचून दाखवलं तर गडी पोट धरून हसला. शिस्त म्हणे! ती शिस्त त्याच्या दहा बोटांत होती.

आता शहाऐंशीचं सांगतो. त्या साली गावात भाषेवरनं पेटलेलं. रोज दगडफेक, रोज बंद, पाट्यांना डांबर. ह्या बाजूची पोरं त्या बाजूच्या दुकानात शिरायची, त्या बाजूची ह्या बाजूच्या. बसा जळाल्या. आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्याला नुसतं किती वाजले म्हणून विचारलं, त्यानं चुकीच्या भाषेत सांगितलं, तर त्याचं मनगट मोडलं. आणि असल्या वर्षात आमच्या वकिलांना घावलं 'संगीत कनकलेखा'.

पंचावन्न वर्षांत कुणी हात न लावलेलं नाटक. पुस्तकाची एकच प्रत, ती बी उंदरानं कुरतडलेली. जुन्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर चाल लिहिलेली असायची; म्हंजे ह्ये पद अमक्या गाण्यासारखं म्हणा. अकरा पदांच्या चाली मार्तंड मास्तरांनी हुडकल्या. चवथ्या अंकातलं मोठं पद राहिलं, ज्याच्यावर सगळं नाटक उभं. त्याच्या डोक्यावर लिहिलेलं, 'चाल: याक निंती बागिलाग.' दारात का उभा राहिलास, असलं कुठलं तरी कानडी गाणं. त्या काळी नाटकवाले कानडी चाली सर्रास उचलायचे, त्यात कुणाला काय वाटायचं न्हाय. मास्तरांनी धारवाडला विचारलं, हुबळीला विचारलं. कुणालाच ठावं न्हाय. कमिटी डोक्याला हात लावून बसली.

मायाप्पा खुर्च्या घिऊन आत आलता. तो म्हणाला, "ही आमच्या आईला येती की."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. बारा वर्षांत त्यानं कमिटीत तोंड उघडलं न्हवतं.

तानीबाईला निपाणीहून आणली. पासष्टीची बाई, बोटं तंबाखूनं काळी पडलेली. खुर्ची दिली तरी खालीच बसली. म्हणाली, "धा वर्षांची असताना मी ऐकलो बगा." आमच्याकडच्या बायका स्वतःला आलो, गेलो, ऐकलो असंच म्हणतात. "निपाणीत नाटक कंपनी आलती. महिनाभर तंबू, भोवती पत्रे. आमाला आत कोण सोडतंय? मी भाईर पत्र्याला कान लावून रोज बसलो. पद बी ऐकलो. आणि वखारीत कानडी बायका तंबाखू निवडताना तेच गाणं म्हणायच्या. महिन्यात माझ्या तोंडात बसलं." आणि तिनं गळा उघडला. तंबाखूनं घोगरा झालेला आवाज, पण सूर असा सरळ जाऊन बसला की मास्तरांचा हात पट्ट्यांवर तसाच राहिला. कल्याणीबाई, ज्या कनकलेखा करणार होत्या, त्यांच्या डोळ्यांतनं पाणी. मी मायाप्पाकडं बघितलं. खाली मान घालून उभा, उजवा कान आईकडं.

पंधरा दिवस तिनं कल्याणीबाईंना पद शिकवलं. मग हँडबिल छापून आलं. वकिलांना लई अभिमान, जुन्या पुस्तकातलं एक अक्षर बदलायचं न्हाय. म्हणून बाराच्या बारा पदं, डोक्यावर चालीसकट. ते कानडी गाणं बी छापलं, असल्या पेटलेल्या गावात! आणि खाली, 'चालींचे संशोधन: मार्तंड मास्तर.' तानीबाईचं नाव कुठंच न्हाय.

मायाप्पा चौथी शिकलेला, सावकाश वाचतो. बोट लावून खालपतूर वाचलं. मग हँडबिल घडी करून खिशात घातलं, वकिलांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीला लावून पाय जमिनीवरनं उचलले. "माझ्या आईचं नाव कुठं हाय?" वकिलांचा चष्मा पडला. चेहरा निळा पडायला लागला. मी आणि मास्तर त्याच्या एका हाताला लोंबकळलो तरी हात हलंना. कल्याणीबाई मधी आल्या तवा सोडलं.

वकील घसा चोळत म्हणाले, "चूक झाली. दुरुस्त करतो. चौथ्या अंकात पदाच्या आधी तानीबाईंना रंगमंचावर बोलावतो. नाव सांगतो, सगळ्यांसमोर. शब्द देतो तुला."

मायाप्पा म्हणाला, "पन्नास वर्षं पत्र्याच्या भाईर ठेवलासा तिला. एकदा आत उभी करा. मला दुसरं कायबी नगो."

पण हँडबिल गावभर फिरलं. दोन दिवसांत थेटरावर दोन दगड पडले, दोन्हीला चिठ्ठ्या. एका चिठ्ठीत, मराठी नाटकात कानडी गाणं म्हणणाऱ्या गद्दारांनो, थेटर जाळू. दुसऱ्या चिठ्ठीत कानडीत, आमचं गाणं चोरलंय, हात तोडू. बघा तरी! गावात सहा महिने एकमेकांची डोकी फोडणारी दोन टोळकी, आणि ह्या एका पदावर दोघांचं एकमत.

खेळाच्या दिवशी चारशे माणूस आत. तीन अंक झाले. तिसऱ्या अंकाचा पडदा मी टाकला आणि निरोप आला की दोन्हीकडनं माणसं निघालीत, हातात काठ्या, सळ्या, सायकलच्या चेनी. पोलीस गावात दुसऱ्या दंग्यात अडकलेले.

वकील धावत आले. "पद गाळायचं," म्हणाले. "चौथा अंक पदाशिवाय करू. त्यांना बाहेर जाऊन सांगू की पद होणार नाही, जातील ते. आत बायकापोरं आहेत, मायाप्पा." खरं सांगू, मला बी पटलं. भ्यायलो होतो मी.

मायाप्पा म्हणाला, "पद हुईल."

"अरे, पन्नास-साठ जण आहेत! तू एकटा आहेस."

"बारा वर्षं कितीजण होतो मी?" असं म्हणून तो विंगेत गेला. तानीबाई तिथं नव्या पांढऱ्या लुगड्यात बसलेली, हातात पदर धरून. तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. "आये, भ्यायचं न्हाय. मी दारात हाय. जोरात म्हण, मला दारापतूर ऐकू आलं पायजे."

तिनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. "म्हणतो रं बाबा," म्हणाली.

मग मला घिऊन दारापाशी आला. "मी भाईर जातो. तू आतनं कडी लाव. मी मेलो तरी काढू नगंस."

मी चौथ्या अंकाचा पडदा वर घेतला, दोरी खुंटीला बांधली आणि पळत दारापाशी गेलो. कडी लावली. तिकिटाच्या खिडकीला फट होती, तिला डोळा लावला.

पयली टोळी विहिरीकडनं आली, दुसरी मागाच्या गल्लीतनं. मायाप्पा दाराला पाठ लावून उभा. पयल्यानं काठी उगारली, ती मायाप्पानं हातातनं काढून घेतली आणि त्याच्याच नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला आत आला. दुसऱ्याला डोक्यानं धडक, नाकातनं रक्ताची चिळकांडी. मग दोन्ही टोळ्या एकदम आल्या. मारणारे इतके झाले की एकमेकांनाच लागायला लागलं, आणि ह्यानं त्याला मारलं, त्यानं ह्याला मारलं म्हणून त्यांच्यातच जुंपली. पण दहाबारा जण मायाप्पाला सोडंनात. सायकलची चेन तोंडावर बसली, गाल उसवला. सळीनं डावा हात मोडला, कोपरातनं उलटा लोंबायला लागला. तरी दार सोडंना. एकाच्या मांडीत दात घातले. एकाला उजव्या हातानं गळ्याला धरून दारावर आपटला, आपटला, आपटला, दार सगळं थरथरायलंय आणि आत बायका किंचाळायल्यात. मी कडीवर हात ठेवून रडायलो.

आणि तवाच एकानं बाजूनं पाण्याच्या नळाचा पाइप फिरवला. उजव्या कानावर. मायाप्पा गुडघ्यावर आला. कानातनं रक्त, नाकातनं रक्त.

आत काय चाललंय म्हणून मी मागं बघितलं. वकील विंगेत पुतळ्यासारखे उभे. पदाची जागा आली. कल्याणीबाईंनी एकदा हादरणाऱ्या दाराकडं बघितलं, विंगेत गेल्या आणि तानीबाईला हाताला धरून रंगमंचाच्या मधोमध आणलं. आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "या निपाणीच्या तानीबाई. ही चाल यांची आहे. बाहेर दारात यांचा मुलगा उभा आहे. हे पद मी म्हणणार नाही, त्याच म्हणतील."

मास्तरांनी सूर दिला. तानीबाईनं पद उचललं. काय सांगू! पन्नास वर्षांचा कोंडलेला आवाज. पत्रा घुमला. किंचाळणाऱ्या बायका गप झाल्या.

भाईरनं मायाप्पाची आरोळी आली, "भरम्या! सुरू झालं का रं?"

मी म्हटलं, झालं की.

परत आरोळी, "अजून का सुरू हुईना रं? भरम्या!"

दोन ओळी म्हणून झालत्या तिच्या. चारशे माणूस ऐकत होतं.

तेवढ्यात पोलिसांची गाडी वळणावर दिसली. ज्यांना पळता येत होतं ते पळाले, बाकीचे पडून राहिले. मी कडी काढली. मायाप्पा दाराला टेकून बसलेला, दार उघडल्यावर आत पडला. त्याला काखेत धरून खांबापाशी नेला, त्याच्या नेहमीच्या जागेला. मी काय बोलायलोय ते त्याला कळंना, माझ्या ओठांकडं बघत राहिला. मग मी त्याची मान धरली आणि रंगमंचाकडं वळवली.

बारा वर्षांत पयल्यांदा त्यानं नाटकाकडं तोंड केलं. उजेडात आई उभी. पांढरं लुगडं, काळी बोटं, तोंड उघडायलंय, मिटायलंय. एका डोळ्यावर रक्त आलतं, ते त्यानं खांद्याला पुसलं आणि बघत राहिला. मी त्याचा धड हात हातात घेतला आणि मनगटावर ठेका धरला. दोन आवर्तनं गेली. मग त्याचे ओठ हलायला लागले. आईच्या ओठांबरोबर, बरोबर त्याच जागेला.

पद संपलं. थेटर फुटलं नुसतं. वन्समोअर, वन्समोअर! तानीबाई बिचारी घाबरली, कल्याणीबाईंनी तिच्या कानात सांगितलं, परत म्हणा म्हणतायत. तिनं परत म्हटलं. मी परत मनगटावर ठेका धरला.

दुसऱ्यांदा संपलं आणि लोक परत उभे राहिले. तोंडं उघडली, आणि उघडलेलीच राहिली. एका पदाला एकच. चारशे माणसांनी मागं वळून खांबाकडं बघितलं. वकिलांनी सुदीक विंगेतनं खांबाकडं बघितलं. त्या रक्तबंबाळ माणसाला अजून बी भीत होती सगळी.

मायाप्पानं त्यांची तोंडं बघितली. काय झालं ते त्याला बारा वर्षांच्या सवयीनं कळलं. खांबाला धरून उठला. मला वाटलं, आता कुणाला तरी काढतोय भाईर. मोडका हात लोंबत होता, दुसरा त्यानं वर केला. त्या दिवशी एक अक्षर ऐकलं न्हवतं त्यानं त्या पदाचं, आणि पुढं बी कधी कायबी ऐकणार न्हवता. छाती भरून, दात पडलेल्या तोंडानं, पत्रा फुटंल असा ओरडला, "वन्समोअर!"

तानीबाईनं लेकाकडं बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि पद पयल्यापासनं धरलं.